पितरांचे स्थलांतर : कोलकात्यातील पूर्वजस्मरणाविषयी

पूर्वजांचे स्मरण हा धर्माचरणाचा बहुधा सर्वांत जुना आणि निश्चितच सर्वांत घरगुती भाग आहे. ज्या समाजांत देवळे नाहीत, धर्मग्रंथ नाहीत आणि पुरोहितांचा वेगळा वर्गही नाही, तेथेही मेलेल्यांना अन्न, पाणी किंवा दिवा देण्याची काही ना काही रीत आढळते. आणि जेथे हे सगळे आहे तेथेही ती रीत घरच्याच माणसांनी पाळायची असते. तिचा विचार बहुतेक वेळा होतो तो एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या कुटुंबांच्या संदर्भात : गावाची शीव तीच, शेत तेच, कुळाचा देव शेजारच्या डोंगरावर, आणि ज्या नदीकाठी आजाचे दहन झाले त्याच काठी नातू तीळ-पाणी सोडणार. घर मोडून किंवा समुद्र ओलांडून माणसे दूर गेली म्हणजे त्यांच्या पितरांचे काय होते, ते मागे राहतात, सोबत येतात की नव्या जागी नव्याने मानावे लागतात, हा प्रश्न त्या मानाने कमी विचारला गेला आहे. पुढील पानांत त्याचा शोध कोलकात्याच्या निमित्ताने घेतला आहे, कारण गेल्या तीनेकशे वर्षांत वाढलेल्या या शहरात ‘मूळचे कुठले?’ असे विचारले असता बहुतेक घरे दुसऱ्याच एखाद्या गावाचे नाव सांगतात.

तुलनेसाठी उत्तर युरोपातील एक अर्वाचीन पंथ आरंभीच लक्षात घेणे सोयीचे आहे. ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वी स्कँडिनेव्हिया, जर्मनी आणि इंग्लंड या भागांत ओदिन, थोर, फ्रेया आदी देवतांची उपासना होत असे. तिचे पुनरुज्जीवन करू पाहणाऱ्या आजच्या उपासकांना ‘हीदन’ म्हणतात. आइसलंडमध्ये या उपासनेसाठी १९७२ साली एक संस्था स्थापन झाली आणि १९७३ साली तिला तेथील शासनाची मान्यता मिळाली. या पंथात देवांच्या बरोबरीने, काही घरांत तर देवांहून अधिक, मान पूर्वजांना असतो. ‘सुंबेल’ नावाच्या विधीत मद्याने किंवा मधाच्या पेयाने भरलेले शिंग मंडळींतून फिरते, प्रत्येक जण ते हाती घेऊन कुणाचे तरी नाव उच्चारतो आणि मग घोट घेतो; एक फेरी देवांसाठी असली तर एक फेरी आपल्या घरच्या गेलेल्यांसाठी असते. अनेकांच्या घरी फळीवर आजी-आजोबांची छायाचित्रे, त्यांच्या वापरातल्या वस्तू आणि एक दिवा असतो. मराठी वाचकाला यात परके वाटण्यासारखे फारसे काही नाही. शिंगातले पेय तेवढे वेगळे.

जुन्या काळी मात्र ही भक्ती जमिनीला बांधलेली होती. मृताला शेताच्या कडेला मातीच्या ढिगाखाली पुरले जाई आणि तो ढीग हाच घराण्याच्या हक्काचा दाखला ठरे. नॉर्वेच्या जुन्या कायद्यात ‘ओदाल’, म्हणजे पिढीजात जमिनीचा अविच्छिन्न हक्क, सांगणाऱ्याला आपल्याआधीचे धनी नावानिशी मोजून दाखवावे लागत. या हक्काला त्या देशाच्या राज्यघटनेत आजही संरक्षण आहे. स्वीडनमध्ये अकराव्या शतकातील रूनलिपीतल्या शिळा शेकड्यांनी उभ्या आहेत आणि त्यांवरील मजकूर बहुधा एकाच साच्याचा असतो, की अमक्याने ही शिळा आपल्या बापासाठी, भावासाठी किंवा मुलासाठी उभारली. आपल्याकडच्या वीरगळावर शिल्प असते आणि अक्षरे क्वचित, तर तिकडे अक्षरेच मुख्य, एवढा भेद सोडला तर दोन्ही दगडांचे काम एकच आहे. हे विधी परक्यांसाठी नसत. सिग्वात नावाचा राजकवी इसवी सन १०१८ च्या सुमारास स्वीडनमधून प्रवास करीत असता एका घरच्या बाईने त्याला दारातूनच परत पाठवले, कारण आत घराण्याचा ‘आल्फाब्लोत’, म्हणजे अदृश्य रक्षकांना द्यायचा नैवेद्य, चालू होता. या रक्षकांमध्ये मृत पूर्वजांचाही अंश मानत असावेत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. बोडणाच्या दिवशी किंवा कुळधर्माच्या स्वयंपाकघरात परक्याला मज्जाव करणारी घरे महाराष्ट्रात जुन्या पिढीच्या चांगल्या परिचयाची होती.

आता या जमिनीला बांधलेल्या लोकांपैकी जे जहाजे भरून आइसलंडला गेले, त्यांनी काय केले हे पाहण्यासारखे आहे, कारण त्या बेटावर त्यांचा एकही पूर्वज पुरलेला नव्हता. ‘एर्बिग्या सागा’ या तेराव्या शतकातील गद्यकथेत थोरोल्फ नावाच्या नॉर्वेजियन माणसाची हकिकत येते. राजाशी बिनसल्यावर तो आपल्या थोरमंदिराचे वासे आणि देवाच्या बैठकीखालची माती जहाजात घालून निघाला, बेट दिसताच त्याने मंदिराचे खांब समुद्रात सोडले, आणि ते जेथे किनाऱ्याला लागले तेथे वस्ती केली. जवळच्या एका टेकडीला त्याने ‘हेल्गाफेल’, म्हणजे पवित्र डोंगर, असे नाव दिले आणि आपण व आपले आप्त मेल्यावर याच डोंगरात जाऊ असे ठरवून टाकले. पुढे त्याचा मुलगा मासेमारीला गेला असता बुडाला, त्या संध्याकाळी एका मेंढपाळाला तो डोंगर उघडलेला दिसला. आत शेकोट्या पेटल्या होत्या, मेजवानी चालली होती आणि मुलाला बापासमोरच्या आसनावर बसवले जात होते. कथा म्हणून ती सुंदर आहेच, पण तिचे खरे मोल निराळे आहे : पितरांचे निवासस्थान वारशाने मिळालेच पाहिजे असे नाही, ते दोन पिढ्यांत घडवता येते, एवढे त्या लोकांनी ओळखले होते.

आधुनिक हीदनांमध्ये या प्रश्नावर मोठी फूट आहे. एका गटाच्या मते या देवांची आणि पूर्वजांची उपासना उत्तर युरोपीय रक्ताच्या लोकांनीच करावी. दुसरा गट म्हणतो की उपासना करील तो उपासक, मग त्याचे वंशवृक्ष कुठेही रुजलेले असोत. वंशवाद्यांच्या भूमिकेशी आपला संबंध नाही असे अनेक देशांतील हीदन संस्थांनी २०१६ साली एका संयुक्त जाहीरनाम्याद्वारे सांगितले. पूर्वजांचा अभिमान कोठे संपतो आणि रक्ताचा गर्व कोठे सुरू होतो, ही ती मूळ अडचण. कोलकात्यातील सामग्री या वादात उपयोगी पडते, कारण येथे तो वाद सिद्धान्ताच्या पातळीवर न होता प्रत्यक्ष विधींत, कायद्यात आणि कौटुंबिक व्यवहारात शेकडो वर्षे निकाली निघत आला आहे.

भाद्रपद वद्य अमावास्येला, जिला महाराष्ट्रात सर्वपित्री अमावास्या आणि बंगालमध्ये महालया म्हणतात, पहाटेपासून हुगळीच्या घाटांवर तर्पणासाठी गर्दी होते. बंगाली पंचांगात महिने सौरमानाचे असल्याने महिन्याचे नाव वेगळे निघते. तिथी मात्र तीच. नदीला येथे कोणी हुगळी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. १८३० साली बांधलेला बाबूघाट हा या गर्दीचा एक मोठा पट्टा. त्याला नाव आहे बाबू राजचंद्र दास यांचे, दक्षिणेश्वरचे मंदिर बांधणाऱ्या राणी रासमणी यांच्या पतीचे, म्हणजे हजारो लोक आपापल्या पितरांना पाणी देतात ते एका दुसऱ्याच घराण्याच्या स्मारकावर उभे राहून. पहाटे चार वाजता आकाशवाणीवरून वीरेंद्रकृष्ण भद्र यांच्या आवाजातील ‘महिषासुरमर्दिनी’ हा कार्यक्रम लागतो. १९३० च्या दशकाच्या आरंभी सुरू झालेल्या या प्रसारणाच्या जागी १९७६ साली चित्रपट अभिनेते उत्तमकुमार यांच्या आवाजातील नवा कार्यक्रम लावला गेला, तेव्हा श्रोत्यांनी एवढा गहजब केला की आकाशवाणीला जुना कार्यक्रम परत आणावा लागला. एका गेलेल्या माणसाचा आवाज दरवर्षी ठरल्या तिथीला घराघरांत ऐकणे, हाही आता पितृकार्याचाच भाग होऊन बसला आहे.

तर्पणाचा विधी जवळून पाहिल्यास त्याची रचना विलक्षण उदार आहे. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून पुरोहित सांगतो आणि समोरची दहा-वीस माणसे त्याच्यामागून म्हणतात. हातात कुश आणि काळे तीळ, आणि पाणी सोडायचे ते पितृतीर्थाने, म्हणजे अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून. बाप, आजा, पणजा. आई, आजी, पणजी. मग आईकडचे आजोबा आणि त्यांच्या वरच्या पिढ्या. नावे ऐन वेळी आठवत नाहीत म्हणून अनेकांच्या मुठीत कागदाचा तुकडा असतो. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप गोत्र म्हणावे अशी शास्त्राची सोय आहे. पण रक्ताची ही यादी सुरू होण्याआधीच देव, ऋषी आणि यम यांच्याबरोबर भीष्माला पाणी दिले जाते. भीष्म निपुत्रिक होता, त्याला पाणी द्यायला वंशज नाही. तेव्हा त्याचे गोत्र आणि प्रवर उच्चारून ते काम प्रत्येक घराने करायचे. पुढे या जन्मीचे आप्त, अन्य जन्मींचे आप्त, कोणीच नसलेले, असे करीत ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सर्वांना ओंजळ मिळते. पाण्याबाहेर येताना ओले वस्त्र पिळायचे असते, आणि त्यातून गळणारे पाणी आपल्याच कुळात जन्मून पुत्रावाचून गेलेल्यांचे असते. ज्यांच्यासाठी वेगळी ओंजळ कोणी भरणार नाही त्यांची आठवण धोतराच्या पिळ्यात ठेवणारा हा विधिकार, कोणीही असो, माणसे ओळखून होता.

बंगालमधील विधींवर सोळाव्या शतकातील नवद्वीपचे स्मृतिकार रघुनंदन यांचा पगडा आहे, तर महाराष्ट्रात ‘धर्मसिंधु’ या ग्रंथाचा, जो पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास सिद्ध केला. महालयाच्या श्राद्धात कोणाकोणाला पिंड द्यावा याची जी परंपरागत यादी मराठी याज्ञिक म्हणतात तिच्यात सावत्र आई, काका, मामा, बहीण, सासरा यांच्यामागून गुरू, शिष्य आणि मित्र येतात, आणि सर्वांत शेवटी ज्यांचे कोणीच नाही त्यांच्यासाठी धर्मपिंड असतो. पंधरवड्यात म्हाळ घालणाऱ्या घरी आळूची पातळ भाजी, भोपळा, खीर, वडे आणि आमसुलाची चटणी यांचा बेत ठरलेला असतो व पहिले पान कावळ्याचे. पण या ओळखीच्या थाटामागे पितर कोणाला म्हणावे याविषयीची इतकी सैल, विस्तृत व्याख्या आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही.

यापुढचा मुद्दा कायद्याचा आहे आणि तो थोडा विस्ताराने मांडावा लागतो. हिंदू वारसा कायद्याच्या दोन मुख्य शाखा : महाराष्ट्रासह बहुतेक भारतात विज्ञानेश्वरांची ‘मिताक्षरा’ आणि बंगालमध्ये जीमूतवाहनांचा ‘दायभाग’. दोन्ही शाखांमध्ये वारस ठरतो तो ‘सपिंड’ असण्यावरून, पण पिंड म्हणजे काय यावर त्यांचे जमत नाही. मिताक्षरेच्या मते पिंड म्हणजे देह. समान देहाचे अंश ज्यांच्यात उतरले ते सपिंड, म्हणून रक्ताने जो जवळ तो वारसाने जवळ, आणि मुलाला वडिलार्जित मालमत्तेत जन्मतःच हिस्सा. दायभागाच्या मते पिंड म्हणजे श्राद्धात दिला जाणारा भाताचा गोळा; मृताला ज्याच्या पिंडदानाने अधिक आध्यात्मिक लाभ होतो तो जवळचा वारस, आणि हक्क उत्पन्न होतो तो धन्याच्या मृत्यूनंतर. मुलीच्या मुलाला दायभागात महत्त्व आहे ते यामुळेच, की तो आईच्या बापाला पिंड देतो. हे दोन्ही ग्रंथ इंग्रजीत आणले हेन्री टॉमस कोलब्रुक यांनी, आणि ते एकत्र छापले गेले कोलकात्यातच, १८१० साली. न्यायाधीशांच्या टेबलावर ते पोचल्यावर पिंड कोण देऊ शकतो हा प्रश्न बंगालमधल्या दाव्यांत साक्षी-पुराव्याचा विषय झाला, आणि १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा येईपर्यंत तो तसा राहिला. पूर्वजांची सेवा हा वारशाचा परिणाम आहे अशी सर्वसाधारण समजूत. बंगालने ती उलटी करून सेवेला कारण आणि वारशाला परिणाम मानले. पुढे काढलेल्या अनेक निष्कर्षांची मुळे या एका उलटापालटीत आहेत.

शोभाबाजार राजवाड्याचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. प्लासीच्या लढाईच्या वर्षी, १७५७ मध्ये, नवकृष्ण देव यांनी तेथे दुर्गापूजा सुरू केली. मूल नसल्याने त्यांनी पुतण्या गोपीमोहन याला दत्तक घेतले, आणि नंतर त्यांना राजकृष्ण हा औरस मुलगा झाला. यथावकाश घराण्याच्या दोन शाखा झाल्या, रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वाडे आणि दोन पूजा. थोरली पाती मानली जाते ती दत्तकाची. अशा जुन्या घराण्यांना कोलकात्यात ‘बनेदी’ म्हणतात. त्यांच्यात देवाच्या नावे केलेली मालमत्ता देवोत्तर म्हणून वेगळी राहते आणि पूजेचा मान भाऊबंदांत आळीपाळीने फिरतो. त्या पाळीला ‘पाला’ म्हणतात. मालमत्ता कधीच विकली गेलेली, भाऊबंद बंगळूर आणि लंडनला पांगलेले, असे असूनही पाळीचे वर्ष आले की माणसे रजा काढून येतात, आणि भांडायचेच असेल तर नैवेद्याच्या प्रमाणावरून भांडतात. ही भांडणेसुद्धा वारसा जिवंत असल्याचे लक्षण मानली पाहिजेत.

बंगाली घरांतील आणखी एक प्रथा येथे थोडक्यात नोंदवणे पुरे. आपल्या नरक चतुर्दशीच्या दिवशी संध्याकाळी बंगालमध्ये ‘भूत चतुर्दशी’ पाळतात. घराच्या कोनाकोपऱ्यांत चौदा दिवे लावतात आणि जेवणात चौदा प्रकारच्या पालेभाज्या एकत्र शिजवतात, कारण चौदा पिढ्यांचे पितर त्या रात्री घरी येतात. बाजारात त्या सकाळी चौदा भाज्या एकत्र चिरूनच विकायला असतात, त्यामुळे त्यांची नावे माहीत असण्याचे कारण उरलेले नाही. चौदा पूर्वजांची नावे तर पूर्वीही क्वचितच कुणाला येत असतील. नावे गेली तरी संख्या टिकते, हे विशेष. मराठीत मात्र पिढ्यांची मोजदाद विधीपेक्षा शिव्यांमध्ये अधिक पक्की राहिली आहे, आणि तेथे आकडा बेचाळीसपर्यंत जातो. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या लाखो निर्वासितांना हे दिवे भाड्याच्या खोलीतही लावता आले. मागे राहिलेल्या वास्तूचे तसे झाले नाही, आणि ‘देशेर बाडी’ म्हणजे मूळ गावचे घर या शब्दांभोवती त्या पिढीचे सगळे बोलणे फिरत राहिले.

कोलकात्यातील चिनी समाजाने हाच पेच वेगळ्या रीतीने सोडवला. अठराव्या शतकाच्या अखेरीस वॉरन हेस्टिंग्जच्या काळात तोंग अच्यू नावाच्या एका चिनी माणसाला बजबजजवळ हुगळीच्या काठी जमीन मिळाली आणि त्याने तेथे साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावावरून त्या गावाला अछिपूर म्हणतात. कारखाना फार काळ टिकला नाही. नदीकाठी त्याची समाधी मात्र आहे, घोड्याच्या नालेच्या आकाराची, लाल रंगाने रंगवलेली, दक्षिण चीनमधील थडग्यांच्या धाटणीची. जवळच एक छोटे देऊळ आहे, त्यातील चिनी भूमिदेवतांच्या जोडीला स्थानिक लोक ‘खुदा-खुदी’ म्हणतात. दरवर्षी चिनी नववर्षाच्या सुमारास कोलकात्यातील चिनी कुटुंबे तेथे जातात, उदबत्त्या आणि लाल मेणबत्त्या लावतात, अन्न मांडतात, कागदी पैसे जाळतात. आता या यात्रेकरूंपैकी बहुतेकांचा तोंग अच्यूशी रक्ताचा संबंध नाही. टँग्रा भागात कातडी कमावणारे हक्का, तिरेट्टा बाजाराभोवती राहणारे कँटनकडचे सुतार, दातांची कामे करणारे हुपे प्रांतातले लोक हे पुढच्या काळात निरनिराळ्या वेळी आले, त्यांच्या बोली एकमेकांना समजत नसत आणि मंदिरेही वेगवेगळी होती, ज्यांना या शहराच्या रिवाजाप्रमाणे ‘चर्च’ म्हणतात. आपापल्या घरच्या मृतांसाठी एप्रिलच्या आरंभी ‘छिंगमिंग’चा सण असतोच, त्या दिवशी थडगी झाडून-पुसून त्यांच्यापुढे जेवण मांडतात. पण या शहरातल्या सगळ्या चिनी माणसांना मिळून एक मूळपुरुष हवा होता, आणि तो त्यांनी सर्वांत आधी आलेल्या माणसात पाहिला. थोरोल्फाच्या डोंगराशी याचे नाते उघड आहे. १९६२ च्या युद्धानंतर या समाजातील अनेकांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबण्यात आले, पुढे कितीतरी कुटुंबे टोरांटोला गेली. तरी नववर्षाला अछिपूरला येणाऱ्यांत परदेशातून आलेलेही असतात.

मराठी माणसाचे कोलकात्याशी असलेले नाते या विषयाच्या दृष्टीने सर्वांत गुंतागुंतीचे आहे. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षे नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात होत्या. त्यांच्या भयाने इंग्रजांनी शहराभोवती खणायला घेतलेला ‘मराठा खंदक’ अर्धवटच राहिला, पण त्या घोडेस्वारांचे ‘बर्गी’ हे नाव अंगाईगीतांत मुलांना भिववण्यासाठी कायम झाले. हुगळी जिल्ह्यातील इटाचुना येथील कुंडू घराण्याचा राजवाडा ‘बर्गी डांगा’ म्हणूनही ओळखला जातो, कारण घराण्याचा मूळपुरुष बंगालमध्येच राहिलेला एक बर्गी होता अशी परंपरा आहे. लुटारू म्हणून गावाने ज्यांना शिव्या दिल्या त्यांच्याशी नाते सांगणे आणि तरीही बंगाली म्हणूनच जगणे, हे त्या घराने बिनबोभाट जमवलेले दिसते.

याच भूमीवर दीडशे वर्षांनी जे घडले ते अधिक आश्चर्याचे आहे. देवघरजवळ जन्मलेले सखाराम गणेश देऊस्कर (१८६९–१९१२) हे कोकणातून तिकडे गेलेल्या मराठी घराण्यातले, पण लेखन केले ते बंगालीत. त्यांच्या ‘देशेर कथा’ (१९०४) या पुस्तकावर पुढे सरकारने बंदी घातली. टिळकांच्या धर्तीवर कोलकात्यात १९०२ साली शिवाजी उत्सव सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता, १९०४ मध्ये त्यांच्या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी ‘शिवाजी-उत्सव’ ही कविता लिहिली, आणि १९०६ च्या उत्सवाला स्वतः टिळक आले. ज्यांच्या पणज्या बर्गींच्या भीतीने दारे लावून घेत होत्या त्या लोकांनी शिवाजी महाराजांना आपला पूर्वज म्हणून निवडले. ही निवड राजकीय होती, तीत भवानीच्या पूजेवरून मतभेदही झाले आणि तिचा भर फार वर्षे टिकला नाही, हे सर्व खरे. तरीही पूर्वज निवडता येतो याचा इतका मोठा, सार्वजनिक आणि तारीखवार नोंदलेला दाखला दुसरीकडे सहज सापडणार नाही. विद्वानांनी त्याला केवळ राष्ट्रवादाच्या इतिहासात टाकून दिले. पितृपूजेच्या इतिहासातही त्याला जागा मिळायला हवी.

आजची मराठी कुटुंबे शहरात विखुरलेली आहेत. त्यांत नोकरीनिमित्त आलेले आहेत, हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासाभोवती जमणारे आहेत, आणि सोने-चांदी गाळण्याचा धंदा करणारे, ज्यांना ‘गलाई’वाले म्हणतात, ते विटा-खानापूर-आटपाडीकडचेही आहेत. गलाईवाला सहसा म्हाळ परगावी घालतो, पण गावच्या जत्रेला जायचे चुकवत नाही. मराठी घराला एक सोय पूर्वापार आहे ती टाकांची. टाक म्हणजे चांदीच्या लहान पत्र्यावर उठवलेली देवाची आकृती. कुलदैवतांबरोबर कित्येक देवघरांत घराण्यातील वीराचा किंवा अकाली गेलेल्या पूर्वजाचा टाकही असतो. नाशिकला धुळवडीच्या दिवशी हे वीर वाजतगाजत गोदावरीवर स्नानाला नेतात. तळहातावर मावणारा हा पूर्वज रेल्वेने कोठेही जाऊ शकतो, हुगळीच्या पाण्यानेही त्याचे स्नान होते. शिवाय गया येथून एका रात्रीच्या अंतरावर आहे. तेथील विष्णुपद मंदिराची आजची वास्तू अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधवली, आणि तेथील पंड्यांच्या वह्यांमध्ये स्वतःच्या आजोबांचे हस्ताक्षर पाहायला मिळाले की पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रवासी माणूसही एका जागी येऊन बसतो.

वारशाची दुसरी, तितकीशी देखणी नसलेली बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. बंगालमध्ये ‘घटक’ नावाचे लग्ने जुळवणारे लोक कुळांच्या वंशावळी बाळगत. आदिशूर नावाच्या राजाने कनोजहून पाच ब्राह्मण आणले आणि त्यांच्यापासून कुलीन घराणी निघाली, ही त्यांतली मुख्य कथा इतिहासकारांच्या कसोटीला उतरलेली नाही. पण तिच्या जोरावर कुलीन पुरुषांनी डझनावारी लग्ने केली आणि त्यांच्या बायका आयुष्यभर माहेरीच राहिल्या. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी या बहुविवाहाविरुद्ध १८७० च्या दशकात पुस्तके लिहिली ती याच शहरात. शहाण्णव कुळींच्या याद्यांवरून महाराष्ट्रात चालणारे वाद ज्यांनी ऐकले आहेत त्यांना या प्रकाराची जात ओळखता येईल. हीदनांमधील रक्तवादी आणि बंगालचे घटक यांना एकमेकांची माहिती नव्हती, तरी दोघांची रीत सारखीच आहे : दोघेही पूर्वजाला काही देत नाहीत, त्याच्याकडून प्रमाणपत्र मागतात.

पितृकार्य कोणी करावे हा प्रश्न आता नव्याने उभा राहिला आहे. पूर्वी बायकांची आठवण अविधवा नवमीला निघे ती नवऱ्याच्या हयातीत गेलेल्यांची, आणि तीही मुलाच्या हातून. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने मराठी अर्थासह श्राद्धविधीची पोथी तयार करून स्त्री पुरोहित घडवल्या. कोलकात्यातही स्त्रिया पौरोहित्य करू लागल्या आहेत आणि महालयाच्या सकाळी घाटावर मुली व सुना तर्पण करताना दिसतात. काही पुरोहित त्यांना सांगतात, काही मान फिरवतात. मान फिरवणाऱ्यांना शास्त्राचा आधार शोधायचा असेल तर त्यांच्याच हातातल्या पोथीत भीष्माची ओंजळ आहे, मित्राचा पिंड आहे आणि दायभागातील दौहित्र आहे. मुलगा नाही म्हणून मागे राहून गेलेल्यांसाठी ज्या विधीने पिळलेल्या वस्त्राचे पाणी राखून ठेवले, त्यात मुलीच्या ओंजळीला जागा नसावी असे म्हणणे टिकणे कठीण आहे. आणि एकुलती एक मुलगी असलेली कुटुंबे शहरात इतकी झाली आहेत की हा वाद पुरोहितांनी मिटवण्याआधी घराघरांतच मिटत चालला आहे.